कामतांची बोट आणि निळी दोरी

कामतांच्या बोटीचे किस्से सांगायला बसले की माझी बहीण सरळ कुकर लावायला उठते. पण मी काय करू? बोटीच्या बुडाला शिंपले चिकटतात ना, तसं आहे हे. एक खरवडला की शेजारी आणखी दोन!

कामतकाका बोरिवलीचे, बँकेतून रिटायर. त्यांची जुनी कॅटामरान, म्हणजे दोन बुडांवर एक डेक असलेली शिडाची बोट, मनोरीच्या खाडीत असते. दर रविवारी काका, मुलुंडला लेथचं वर्कशॉप चालवणारा आमचा कांबळे, आणि मी. वेसाव्याकडे जाताना वारा पाठीशी, सुसाट! परतताना वारा तोंडावर, आणि बोट ढिम्म. मग मढजवळ जाळं टाकून बसलेल्या पास्कलला हाक मारायची, काकांची जाडजूड निळी दोरी त्याच्या होडीला बांधायची आणि त्यानं आम्हाला ओढत घरी आणायचं.

एकदा काकांच्या मिसेस, सुनंदावहिनी, आल्या. अख्ख्या धक्क्यासमोर ओढत आणलं आम्ही त्यांना! उतरल्या आणि म्हणाल्या, "पावसाळ्याआधी ही दोरीशिवाय घरी आली नाही, तर विकून टाकायची. तोवर मी पाय ठेवणार नाही!"

काकांचा चेहरा बघवेना. बायकोला घेऊन समुद्रात जायचं, एवढ्यासाठीच तर माणसानं बोट घेतली होती.

*

कांबळे म्हणाला, "पहिलं वजन कमी करा." आतून कॅरमबोर्ड निघाला, दोन गाद्या निघाल्या, शेगडी निघाली. तळाशी चक्क पाटा-वरवंटा!

"अहो काका, हा कशाला?"

"बोट हलू नये म्हणून!"

सगळं उतरवलं. पुढच्या रविवारी बघतो तर बोट पाण्यात होती तेवढीच बसलेली. ती हलकी झाली या आनंदात तिघांनीही सगळ्यांना पुरेल एवढं जेवण आणलं होतं. काकांनी तर वालाची उसळ पातेल्यासकट.

*

मग शिडाकडे वळलो. कांबळे ते चाचपून म्हणाला, "ह्याला ढेरी सुटलीय यार! समोरच्या वाऱ्यावर चालायला शीड सपाट लागतं. एवढं ताणलं कसं?"

काका हळूच म्हणाले, "दरवर्षी सोसायटीच्या गणपतीला मंडपावर घालतो ना. पावसाचं पाणी साचतं थोडं."

"थोडं?"

"दोघं जण खालून बांबूनं ढकलतात."

कप्पाळ! नवं शीड आलं. ते मंडपाला मिळणार नाही म्हटल्यापासून सोसायटीचे सेक्रेटरी अजून काकांशी धड बोलत नाहीत.

*

बोट आडवी घसरू नये म्हणून कांबळेनं दोन्ही बुडांखाली फळ्याही बसवल्या. सगळं झकास, पण सुकाणू काकांच्या हातात! ते बोटीचं नाक थेट मनोरीकडे, म्हणजे थेट वाऱ्यात धरायचे. शीड फडफडायचं, बोट जागच्या जागी.

"काका, तिरकं घ्या! आधी वेग येऊ दे, मग वळू."

"अरे, घर तिकडे आहे!"

कांबळेचा पारा चढला. "मी मुलुंडहून तुमच्याकडे सरळ येतो का? मध्ये नॅशनल पार्क आहे! वळसा घालूनच येतो ना?"

काकांनी मुकाट्यानं सुकाणू वळवलं. बोट कलली आणि अशी काय पळाली म्हणता! एकदा डावीकडे तिरकं, एकदा उजवीकडे, असं करत मढ मागे पडलं. पास्कल काळजीनं पार खाडीपर्यंत आमच्या मागे आला. खरं सांगते, मला रडू आलं.

वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, "वारा पडला असेल." मग भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "पुढच्या रविवारी येते मी."

*

आल्या. वेसाव्यापर्यंत मजेत गेलो. परत फिरलो तर वारा नेहमीपेक्षा जोरात, तोंडावर. आणि लांबवर नजर टाकली, पास्कलचा पत्ता नाही!

काका टेन्शनमध्ये. "दोरी तरी काढून ठेवू. कुणी भेटलं वाटेत तर..." इथे शोध, तिथे शोध. दोरी नाहीच!

वहिनी शांतपणे डबा उघडत होत्या.

"दोरी घरी आहे. बाल्कनीत बांधलीय, चादरी वाळत घातल्यात तिच्यावर."

आम्ही तिघंही बघतच राहिलो.

"अहो, बघताय काय?" वहिनी म्हणाल्या. "सुकाणू धरा नीट. ऊन उतरायच्या आत काढायच्यात त्या!"