मी काढून घेतलेलं ओटीचं ताट

परवा रविवारी अकोल्याला गेले होते... जुन्या शहरात, माहेरी. धाकट्या बहिणीचं, पूजाचं डोहाळजेवण होतं. सोबत माझी भावजय रेखा होती.

रेखाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. टेस्ट ट्यूबच्या ट्रीटमेंटसाठी ती सध्या अमरावतीला, राजापेठेत माझ्याकडेच राहते आहे. बीजं वाढण्याची इंजेक्शनं तिला मीच टोचली.

मी बारावीला बायोलॉजी शिकवते. त्यामुळे ती आली त्या दिवशीच वहीत चित्र काढून सांगितलं होतं, मुलगी जन्मते तेव्हाच तिची सगळी बीजं पोटात असतात, अर्धवट वाढून थांबलेली. वयात आल्यावर दर महिन्याला काही वाढू लागतात, बहुधा एकच पूर्ण पिकतं, बाकीची विरून जातात... इंजेक्शनं त्या बाकीच्यांनाही वाढवतात.

तिनं चित्रावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे ताई, हे समदं माह्या मायच्या पोटातच बनलं. मंग मी काई पाप नाई केलं."

मी म्हटलं, अजिबात नाही.

तर परवा... ओटी भरायला बायका एकेक करून पुढे येत होत्या. रेखा ताट घेऊन उठली. समोरच्या दोन काकूंनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मी पटकन ते ताट तिच्या हातातून घेतलं. म्हटलं, जरा भज्यांचं पीठ बघून ये.

मला कोणी सांगितलं नव्हतं हो. त्या काही बोलतील, या भीतीनं माझाच हात पुढे गेला.

थोड्या वेळानं पूजानं विचारलं, वहिनीनं ओटी कशी भरली नाही? सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून रेखाच म्हणाली, "कांदे चिरून राहिली होती ना, हाताले वास येते. धुऊन येतो."

कांदे सकाळीच चिरून झाले होते. ती माझी चूक झाकत होती.

मग तिनं हसत ओटी भरली, पूजानं तिला वाकून नमस्कार केला. मी मात्र भिंतीकडे बघत होते.

दरवर्षी हा धडा मोठ्या तोऱ्यात शिकवते मी... वेळ आली तेव्हा मलाच तो आला नाही. उद्या सकाळी तिची बीजं काढणार आहेत, आणि ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलते आहे. त्याचीच जास्त लाज वाटते.

ताट मी चारचौघींत काढून घेतलं, म्हणून माफीही चारचौघांत मागते आहे, तिला विचारून... रेखा, माझं चुकलं.