गुरुजींना पाठिंबा

बिभीषणला मी गाढव म्हणतो ते त्याच्या तोंडावर म्हणतो, आणि तो मुकाट ऐकून घेतो. जामखेडला एसटी स्टँडामागे माझं नेट कॅफे आहे. तिथल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून हा पोरगा प्रोग्रॅमिंग शिकला. आईबाप ऊसतोडीला, शिकवायला कोणी नाही. होती ती एक मेलिंग लिस्ट. आपली अडचण मेलनं टाकायची, ती जगभरच्या शेकडो प्रोग्रॅमरांना जाते, ज्याला वाटेल तो उत्तर देतो. बिभीषणला बहुतेक वेळा एकच माणूस उत्तर द्यायचा, जर्मनीतला. न चिडता, चूक नेमकी दाखवून. बिभीषण त्याला गुरुजी म्हणायला लागला. गुरुपौर्णिमेला नमस्काराचा मेलही धाडायचा. त्याला कधी उत्तर आलं नाही, पण यानं ते मनावर घेतलं नाही.

पुढे त्यानं बहिणीसाठी, सवितासाठी, मोबाईलचं एक ॲप केलं. सविता टोळीबरोबर ऊस तोडायला जाते. टोळीतल्या कुठल्या लेकराला कुठली लस कधी टोचली, ते ती फोनमध्ये भरायची. उसाच्या फडावर रेंज नसे. गावी आल्यावर नोंदी सर्व्हरला जात. बायांची कार्डं पाचटात हरवायची, त्यामुळे सगळी भिस्त सविताच्या फोनवर.

एकदा लिस्टवर वाद निघाला. अशा ॲपांसाठी सगळ्यांनी पाळायचं एक स्टँडर्ड ठरत होतं. गुरुजींनी सुचवलं, दोन महिने सर्व्हरशी संपर्क नसलेला फोन हरवला असं धरून बाद समजावा आणि पुन्हा जोडला की त्यातलं सगळं पुसून टाकावं. कोणाची हरकत आहे का, असंही त्यांनी विचारलं. टोळी दिवाळीनंतर जाते ती थेट गुढीपाडव्याला येते, हे बिभीषणला काय ठाऊक नव्हतं? त्यानं हरकतीचा मेल लिहिला, मला वाचून दाखवला आणि पुसून टाकला.

“पाठव की,” मी म्हणालो.

“आबा, ज्यानं शिकवलं त्याच्याच तोंडी लागू व्हय, चारचौघांत? मधनं कुठंतरी रेंज घावलच की सविताला.”

त्यानं लिहिलं, ‘गुरुजींना पाठिंबा.’ नवा नियम आपल्या ॲपमध्येही घातला. गुरुजींचं सोडून जुनं वापरणं त्याला बरं दिसेना.

पाडव्याला सविता स्टँडवर उतरली, फोनला रेंज आली आणि हंगामभराच्या नोंदी पुसल्या गेल्या. बिभीषणनं लिस्टवर मदत मागितली. उत्तर गुरुजींचंच आलं: ‘पुसलेलं परत मिळणार नाही, वाईट वाटतं. पण तुम्ही तर पाठिंबा दिला होता. एक ओळ लिहिली असती तरी आम्ही नियम बदलला असता. आपली आधी ओळख आहे का?’

त्या माणसाचा मला राग आला नाही. त्याचं काय चुकलं? राग आला आपल्या मान डोलवण्याचा, ज्याला आपण संस्कार म्हणतो आणि वर पोरांचं कौतुक करतो.

सविताला बिभीषणनं सगळं सांगितलं, माझ्यासमोरच.

“म्हंजी त्यानं तुला इचारलं हुतं?”

“व्हय.”

“तो परका मानूस तुला इचारतो. आन् फोन माझा, लेकरं आमच्या टोळीची, तू मला का न्हाई इचारलंस?”

फोन टेबलावर ठेवून ती टोळीतल्या बायांना सांगायला निघून गेली.