पुसायला बरा

मुलाच्या शिरगावच्या फ्लॅटमध्ये रंगाचा वास आला आणि मी मनाने कुळगावच्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तेव्हा माझ्या लग्नाला महिनाच झाला होता. पेंटरने विचारलं, "वहिनी, ऑइलपेंट मारू की डिस्टेंपर?" माहेरच्यासारखा बिनचमकीचा डिस्टेंपर माझ्या ओठांवर आला होता, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "ऑइलपेंटच मार. पुसायला बरा. पुसणार हीच आहे."

मग तीस वर्षं मी फोडणीचे डाग पुसले. त्या चकचकीत भिंतीत माझीच धूसर आकृती समोरून फडकं फिरवत असायची.

आज पेंटरने सुनेला विचारलं, "ग्लॉसी मारू की मॅट?" ती म्हणाली, "मॅट. चमक नको." माझ्या तोंडून निघून गेलं, "पण पुसायला?"

सून पेंटरला म्हणाली, "ग्लॉसीच मारा."