चिक्कडपल्लीच्या सागवानी खिडक्या

नांदेडला आमच्या नव्या घराचा स्लॅब टाकून झाला त्याच आठवड्यात हैदराबादहून वसंतदादाचा, माझ्या मावसभावाचा, फोन आला. चिक्कडपल्लीतलं त्याचं जुनं घर पाडून तिथे अपार्टमेंट होणार होतं. "दारं-खिडक्या सागवानी आहेत, शहाबादी फरशी आहे. पाहिजे ते घेऊन जा," म्हणाला. शनिवारी सकाळी मी आणि सुधीर, माझा नवरा, गाडी काढून निघालो.

देगलूर, पिटलम, संगारेड्डी हा रस्ता आता झकास झालाय. पिटलमला इडली खा, शेंगदाण्याची चटणी मागाल तितकी वाढतात. संगारेड्डीनंतर ट्रॅफिक जीव खातं, तेव्हा दुपारच्या आत शहरात शिरा.

दादा सध्या त्याच गल्लीत भाड्याने राहतो. जेवून जुनं घर बघायला गेलो. जाडजूड चौकटी, पितळी कड्या, एकाही झडपेला वाळवी नाही. सुधीरने मापं घेतली. वहिनी म्हणाल्या, "नवीन घराला जुनी लाकडं कशाला हो? लोक काय म्हणतील?" मी हसून सोडून दिलं. उद्या सकाळी सुतार आणि टेम्पो आणायचा, मग पाडकाम सुरू करायचं, असं दादासमोरच ठरलं.

सकाळी टेम्पो घेऊन गल्लीत वळलो तर धुरळाच धुरळा. पुढची भिंत आडवी. खिडक्या चौकटीसकट खाली आणि त्यांच्यावरून जेसीबी मागेपुढे चाललेला. फरशीचा चुरा. मुकादमाला मी तोंडाला येईल ते बोलले.

"मॅडम, मेरे पे कायकू चिल्ला रे?" तो म्हणाला. "मैं तो दोपहर तक रुकतूं बोला. आपके भाईसाबच बोले, सुबह जल्दी तोड डालो बोलके."

मी तशीच दादाच्या घरी गेले. "हे खरं आहे?"

"अगं, परेशान नक्को होऊस. गल्लीत सगळे ओळखतात मला. माझी बहीण पाडायच्या घरातून लाकडं काढून नेतेय, हे बरं दिसतं का? नव्या खिडक्या घेऊन देतो की मी."

"मग फोन कशाला केलास?"

"तू खरंच येशील असं कुठं वाटलं मला!"

कानशिलं तापली होती. मी खाली आले, ओढणी कमरेला बांधली आणि भर गल्लीत मलब्यात उतरले. मुकादमाने मशीन थांबवलं. सुतार, सुधीर आणि कामावरच्या दोघी बायका मदतीला आल्या. दोन खिडक्या धड निघाल्या, पितळी कड्या निघाल्या. आजूबाजूच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. बघू दे. चांगलं लाकूड चिरडताना कुणाला लाज वाटली नाही, वेचताना मला का वाटावी?

वहिनी जेवायला थांब म्हणाल्या, थांबले नाही. उरलेल्या खिडक्या मलकपेठच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मिळाल्या. तुम्ही गेलात तर मापं आणि सुतार सोबत न्या, आणि घासाघीस करायला लाजू नका.

खिडक्या बसल्या, पॉलिश झालं. राग मात्र जात नाही. लाकडाचा कमी, त्या फोनचा जास्त. वास्तुशांतीला दादा येतोय. खिडक्या कुठून आणल्या असं पाहुणे विचारतीलच. मी त्याच्यासमोरच सांगणार आहे.