भावजींची मुंबई

मुलांना मुंबई दाखवायची हे खूळ माझ्याच डोक्यातलं. पुढं जायचं कसं यावरून घरात जो काही गोंधळ झाला त्याचं खापर मुलांवर फुटलं, पण पहिली काडी मीच टाकली होती.

थोरल्या जाऊबाईंची मुलगी त्या वर्षी अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, बोर्डाच्या परीक्षेला बसली होती. निकाल लागला की तिच्यासाठी स्थळं बघायची, हे घरात न बोलता ठरून गेलेलं. पोरीची एकच इच्छा होती, समुद्र बघायचा. भूगोलाच्या पेपरात ती समुद्रावर पानंच्या पानं लिहून आली होती आणि स्वतः पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे पुरातली कृष्णा. तिनं समुद्राचं नाव काढलं की जाऊबाई म्हणायच्या, "लगीन झाल्यावर नवऱ्यासंगं बघ." हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सांगलीला माहेरी मलाही अगदी हेच सांगितलं होतं. लग्न झालं, नवरा फौजेत. त्याची पलटण कधी पंजाबात, कधी आसामात, आणि मी इथं उसाच्या गावात त्याच्या सुट्टीची वाट बघत बसलेली. नवऱ्यासंगं मी पाहिलं ते कऱ्हाडचं मार्केट आणि एकदा मिरजेचा दवाखाना.

तेव्हा मी मनाशी ठरवलं की या पोरीला लग्नाआधी समुद्र दाखवायचा, मग घरात कुणी काहीही म्हणो. एकटीला कोण सोडणार म्हणून तिचा आठवीतला भाऊ बरोबर घेतला, आणि सांगलीच्या माझ्या बहिणीची मुलगी, ती त्याच्याच वयाची.

माहेरून मी मुंबईचा एक जुना नकाशा आणला. संध्याकाळी घराच्या पुढच्या सोप्यावर तो पसरायचा, वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर वाट्या ठेवायच्या आणि तिघांची भांडणं ऐकायची. प्रत्येकाची मुंबई वेगळी होती. पुतण्याला विमान जवळून बघायचं होतं, बाकी काही नाही दाखवलं तरी चालेल. भाचीला दोन मजली बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढं बसायचं होतं. थोरली पुतणी काही मागत नव्हती. ती फक्त नकाशावरच्या निळ्या रंगाकडं बघत राहायची आणि या दोघांच्या मागण्यांत समुद्र मागं पडेल की काय या काळजीत असायची. पुतण्या बोटांनी अंतर मोजून सांगायचा, राणीच्या बागेपासून समुद्र एक वीत. वीतभर मुंबई एका दिवसात उरकेल असं आम्हां सगळ्यांनाच वाटत होतं, मलासुद्धा. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मध्येच मुंबईच्या महालक्ष्मीची ओटी भरायचं काढलं. त्यानं आमचं पारडं चांगलंच जड झालं, कारण देवीच्या दर्शनाला नाही कोण म्हणणार?

पण गाडी अडली ती माणसावर. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सांगून टाकलं की बाप्या माणूस बरोबर असल्याशिवाय पोरी गाव सोडणार नाहीत. आता बाप्या माणूस आणायचा कुठून? माझा नवरा सरहद्दीवर. थोरल्या दिरांना पाण्याची पाळी. आमच्याकडं उसाला पाणी पाळीनं मिळतं, आणि आपल्या पाळीला माणूस रानात नसला तर पाणी पुढच्याच्या रानात जातं. मे महिन्यातली पाळी चुकवून कुणी मुंबई बघायला गेला असता तर गावानं त्याला वेड्यात काढलं असतं. मी ते मागितलंही नाही.

मग सगळ्यांना एकदम भावजी आठवले. भावजी म्हणजे माझे चुलत दीर, नवऱ्यापेक्षा लहान, मुंबईत कापडाच्या गिरणीत कामाला. आमच्या गावात एक समजूत होती, आणि ती आजही पुरती गेली असं मला वाटत नाही, की मुंबईत राहणाऱ्याला मुंबई माहीत असते. रानात राबणाऱ्याला रानाचा बांध न बांध ठाऊक असतो, तसंच. कुणाचा चष्मा, कुणाचं टेरिलीनचं कापड, कुणाच्या दम्याचं औषध, सगळं भावजींना सांगायचं. ते आणून द्यायचे, त्यामुळं समजूत पक्की होत जायची.

चैत्रात गावच्या यात्रेला ते आले. मामंजींनी त्यांना चारचौघांत सोप्यावर बसवलं. मी माजघराच्या दारात उभी होते आणि माझ्या मागं थोरली. तिनं माझा पदर मुठीत धरला होता. मामंजींनी विचारलं, "तुला समदी मुंबई ठावं हाय न्हवं? पोरी हायत, कुठं चुकायच्या न्हाईत ना?"

भावजींनी मामंजींकडं बघितलं, मग दाराकडं. मग म्हणाले, "व्हय तात्या. समदी ठावं हाय. मी हिंडवतो की."

पदरावरची मूठ सुटली. राहायची सोयही त्यांनीच सांगितली. मुंबईत आमच्या गावाचा एक गाळा होता, म्हणजे एक लांबट खोली. गावातले गिरणीत काम करणारे सगळे बाप्ये तिथं एकत्र राहायचे आणि पाळीपाळीनं झोपायचे. गाळ्यात कधी बाईमाणूस मुक्कामाला आलेलं नव्हतं. भावजी म्हणाले की तेवढे दिवस सगळे जण शेजारच्या गावाच्या गाळ्यात जातील, पोरी आपल्या गाळ्यात राहतील. हे त्यांनी बाकीच्यांना न विचारताच कबूल केलं, आणि त्या माणसांनी ते पाळलं. आज त्यांतल्या निम्म्यांचे चेहरेही मला आठवत नाहीत, पण त्यांचे उपकार विसरलेले नाहीत.

यात्रेचे दोन दिवस मुलांनी भावजींचं डोकं खाल्लं. राणीच्या बागेतला हत्ती केवढा आहे? "लय मोठा." विमान कुठून दिसतं? "दिसतं की." समुद्राला लाटा केवढ्या असतात? "लय मोठ्या." प्रत्येक गोष्टीला लय मोठं, यापलीकडं काही नाही. मला राग आला. इतकी वर्षं त्या शहरात राहून पोरांना चार शब्द धड सांगू नयेत? यांना मुंबईचं वारं लागलंय, असं मी जाऊबाईंना म्हणालेसुद्धा. त्यांनी नेहमीप्रमाणं ते हसून सोडून दिलं.

मे महिन्यात, दोन पाळ्यांच्या मधल्या एका मोकळ्या दिवशी, थोरल्या दिरांनीच आम्हाला कामावर परतणाऱ्या गावच्या एका माणसाच्या सोबतीनं कऱ्हाडहून गाडीत बसवून दिलं. मुंबईत उतरलो तेव्हा भावजी इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. गाळा धुऊन लख्ख केलेला. बाप्यांच्या ट्रंका एका भिंतीला रचून त्यांवर चादर ओढलेली, कोपऱ्यात नवा माठ. जेवणाची सोय खाली खानावळ चालवणाऱ्या मावशींकडं.

आणि मग भावजींनी आम्हाला जी मुंबई दाखवली, तशी कुणी कुणाला दाखवली नसेल. राणीच्या बागेत शिरताच मुलं हत्तीकडं धावणार, तोच ते मान खाली घालून मला म्हणाले की बायकांची सोय त्या झाडांमागं आहे, आत पाणी असतं, आधी तिकडं जाऊन या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आम्हां बायकांचा प्रवास म्हणजे घरातून निघतानाच पाणी प्यायचं बंद करायचं आणि दिवसभर डोकं धरून हिंडायचं. त्या चार दिवसांत आम्ही तिघी पोटभर पाणी प्यालो. जिथं गेलो तिथं भावजींना ती जागा ठाऊक होती, सावली कुठं हे ठाऊक होतं, नळ कुठला गोड हे ठाऊक होतं. दोन मजली बस कुठल्या थांब्यावर रिकामी होते हे त्यांना माहीत असल्यामुळं भाचीला वरची पुढची जागा मिळाली. विमानतळाच्या एका भिंतीपाशी नेऊन त्यांनी पुतण्याला उभं केलं आणि थोड्या वेळात डोक्यावरून असं विमान गेलं की तो खालीच बसला. महालक्ष्मीला ओटी भरून झाल्यावर देवळामागं पाणी दिसलं. थोरली कठड्यापाशी धावली, तर भावजी तिला म्हणाले की हा नुसता बघायचा, उतरायचा समुद्र अजून पुढं आहे.

माझा राग कधीच विरघळला होता. पक्का मुंबईकर माणूस, असं मी शेवटच्या दिवशी सकाळी मावशींना म्हणाले. त्या भाकऱ्या थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कुनी सांगितलं तुला?" त्या म्हणाल्या. "गिरणी, गाळा आन् माझी खानावळ, इतकीच मुंबई त्याला ठावं व्हती. सुट्टीला बी झोपून ऱ्हायचा. यात्रेस्नं आला आन् दर सुट्टीला, पाळीच्या आधी बी, हिंडाया लागला. पायाला फोड घेऊन यायचा. एकदा मान खाली घालून मला इचारलं, मावशे, बायकास्नी दिसभर भाईर काय काय लागतं, सांग."

ताटातली भाकरी तशीच राहिली. एक भला माणूस या अनोळखी शहरात बायकांची सोय कुठं आहे असं विचारत हिंडला असेल, आणि लोकांनी त्याला काय काय ऐकवलं असेल, हेच माझ्या डोळ्यांपुढं येत राहिलं.

त्या संध्याकाळी आम्ही जुहूला गेलो. ओहोटी कधी आहे हे भावजींनी नारळवाल्याला आधीच विचारून ठेवलं होतं. थोरलीनं समुद्र पाहिला. चपला काढल्या, परकर जरा वर धरला आणि सरळ चालत गेली. घोटाभर पाण्यात जाऊन थांबली. दुसरी दोघं तिच्यामागं ओरडत गेली. मी आणि भावजी वाळूत चपला राखत उभे राहिलो. मला राहवलं नाही. मुंबई माहीत नाही असं त्या दिवशी सरळ का सांगितलं नाही, असं मी त्यांना विचारलं.

मावशींनी सांगितलंय हे त्यांच्या लक्षात आलं. ते जरा ओशाळले.

"वैनी, ती पोर तुमच्यामागं दाराआड हुबी व्हती," ते म्हणाले. "मी न्हाई म्हनलो असतो तर तात्यांनी तिला धाडली असती का? मग व्हय म्हनलो. म्हनलं, अजून येळ हाय, तवर शिकून घिऊ."

त्यांच्याबद्दल जाऊबाईंपाशी काय बोलले होते ते मला आठवलं. पण मला त्या घडीला लाज कमी आणि आनंद जास्त झाला, हे कबूल करते. असा माणूस आपल्या घरातला आहे, याचा आनंद. समुद्र त्यांना कसा वाटला होता, आत उतरले होते का, असं मी विचारलं.

"मी कुठला," ते म्हणाले. "मी जागा बघाया आलतो. पोरी कुठं उतरतील, वाळू कुठं घट्ट हाय, तेवढं बघितलं आन् माघारी फिरलो. गिरणीची दुसरी पाळी गाठायची व्हती."

तेवढ्यात थोरली पाण्यातून माघारी आली. ओल्या हातानं तिनं भावजींचं मनगट धरलं. आमच्याकडं एवढी वाढलेली मुलगी काकाचा हात धरत नाही, पण तिथं ते बघायला कोण होतं? भावजी नको नको म्हणत राहिले, तरी त्यांनी विजारीचे पाय दुमडले आणि तिच्यामागं गेले. पहिली लाट पायांवर आली तसे ते दचकून मागं सरले आणि त्यांनी पोरीचा हात गच्च पकडला.

"काका, भिऊ नगा," ती म्हणाली. "वाळू घट्ट हाय."

मी सगळ्यांच्या चपला घेऊन वाळूत उभी होते आणि रडत होते, पदर तोंडाला लावून, चारचौघांत. तिच्याच वयाचे असताना भावजी या शहरात आले होते आणि समुद्रात आज उतरत होते.