अळणी नैवेद्य

देवी आपलं ऐकते की नाही, याचा मला पहिल्यापासून संशय. मंगळवारी नैवेद्य दाखवते, कारण सासू दाखवायची. पण आमच्या म्हाताऱ्याच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, आजारपणात जे घडलं ते मला अजून उलगडलेलं नाही, म्हणून लिहिते.

त्याच्या किडन्या बिघडल्या होत्या. पाय सुजलेले, छातीत पाणी. वाशीच्या इस्पितळातून कोपरखैरण्याला घरी आणलं, तेव्हा तिथल्या आहार सांगणाऱ्या मुलीने बजावलं होतं की मीठ जवळजवळ बंद, पाणी मोजून, सुकी मासळी आणि लोणचं तर नावालाही नको. मी उपवासाचं सैंधव आणलं. ते उपवासाला चालतं, म्हणजे आजाऱ्यालाही चालत असेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "काकी, तेही मीठच." म्हातारा तरुणपणी मिठागरात राबलेला. अळणी भाताचे दोन घास खायचा आणि ताट सरकवायचा. "पिंडाला ठेवतात तसला भात हाय हा. मी अजून जित्ता हाय." अंग सुकत चाललं. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर औषधं झेपणार नाहीत. मीठ द्यावं तर सुजून मरेल, न द्यावं तर उपाशी. मी देवीला एवढंच सांगितलं की मला काही सुचत नाही, तूच बघ.

मंगळवार आला. घरच्यांसाठी भात, वरण, दुधीची भाजी आणि तांदळाची भाकरी केली. त्याचं पातेलं वेगळं. नैवेद्याचं अन्न आम्ही चाखत नाही, देवीच्या आधी जीभ लावायची नाही. पान दाखवून उचललं तर म्हातारा प्रसाद मागू लागला. मी म्हटलं, यात मीठ आहे.

"देवीच्या पानाला नाय म्हननारी तू कोन गो?"

भीत भीत थोडं वाढलं. त्याने ते निपटून खाल्लं आणि आणखी मागितलं. कितीतरी दिवसांनी मागितलं, म्हणून माझ्याने नाही म्हणवेना. मनात म्हटलं, आता पुन्हा इस्पितळ.

मग मुलगा जेवायला बसला आणि पहिल्याच घासाला थांबला. "आई, मीठ कुठाय? कशातच नाय." मी चाखलं. भात, वरण, भाजी, भाकरी, सगळं अळणी. एखाद्यात विसरले असते तर मी समजू शकले असते.

म्हाताऱ्याला विचारलं, तुला कळलं नाही? "पयल्या घासालाच कललं. पन प्रसादाला कोन नावं ठेवतं?" मग आणखी का मागितलंस? "भूक लागली व्हती," म्हणाला.

आहारवाल्या मुलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, जिभेला हळूहळू सवय होते. होत असेल. पण तो पहिला घास गिळवला कोणी, आणि माझा हात मिठाच्या डब्याकडे गेलाच कसा नाही? ती हसून म्हणाली, चालू ठेवा.

आता आमच्याकडे रोजच अळणी शिजतं आणि आधी देवीपुढे जातं. ज्याला हवं तो मीठ वरून घेतो. आजार गेलेला नाही, पण सूज उतरली आणि तो जेवतो. त्याला बरं कर असं मी देवीला सांगत नाही. पान ठेवते, उपकार मानते आणि बाजूला होते. पुढचं ते दोघं बघून घेतात.