साखळीतला हात

कबड्डीच्या मैदानात कोपऱ्यावर उभी असलेली लोकांना दिसते. ती वाकते, झेपावते, समोरून चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरते, पंचाची शिट्टी वाजते आणि टाळ्या पडतात. तिच्या शेजारी तिचा हात धरून जी उभी असते तिच्याकडे कोणी बघत नाही. मी कितीतरी वर्षं कोपऱ्यावर खेळले आणि त्या टाळ्या बिनदिक्कत घरी नेल्या. पण कोपऱ्यावालीला एवढं पुढे वाकता येतं ते मागे कोणीतरी तिला धरून ठेवलेलं असतं म्हणून, हे खेळलेल्या कोणालाही विचारा. तो हात सैल असला की माणूस निम्मंच खेळतं.

आमच्या संघात म्हणूनच एक रीत होती. साखळीत नवी मुलगी आली की ती कशी आहे हे कोपऱ्यावालीने सांगायचं. आमचे सर वसईजवळच्या गास गावचे, भातशेती करणारे. शाळेत त्यांनी कोणाला कधी शिकवलं नाही, पण दोन पिढ्या त्यांना सरच म्हणत आल्या. ते म्हणायचे, हात कसा हाय ते बाहेरून नाय कळत.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, म्हणजे कबड्डीच्या हिशेबात म्हातारीच. सकाळी निर्मळला बालवाडी, दुपारी घरच्या वाडीतली फुलं-भाजी, आणि संध्याकाळी सायकलवर टांग मारून मैदान. सासूबाईंचा खेळाला विरोध नव्हता, अर्ध्या चड्डीला होता. सुनेच्या त्या चड्ड्या गावाने बघू नयेत म्हणून त्या त्यांना केळींच्या मागे, अगदी आतल्या दोरीवर वाळत घालायच्या. पण स्वतः धुवायच्या, आणि सामन्याच्या दिवशी नीट घडी करून पिशवीत ठेवायच्या. मी कधी त्यांना याबद्दल धन्यवाद दिले नाहीत. आमच्यात तशी पद्धत नाही. आता इथे देते.

माझा डावा गुडघा गेल्याच हंगामात बिघडला होता, ही गोष्ट फक्त सासूबाईंना ठाऊक होती. रात्री त्या एरंडाचं पान गरम करून बांधायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. सरांना मी पत्ता लागू दिला नव्हता. गुडघा गेलेल्या मुलीला सर प्रेमाने चहा पाजायचे आणि प्रेमानेच घरी बसवायचे. मला ते नको होतं. शिक्षण कधी थांबवायचं ते वडिलांनी ठरवलं, लग्न कधी करायचं ते मामांनी, सासर कुठलं ते मावशीने. खेळ कधी थांबवायचा एवढं तरी मला स्वतःला ठरवायचं होतं. माझ्या नाकावर कायम राग असायचा असं लोक म्हणत. असेल. कारण हे होतं.

त्या पावसाळ्यात माझी साखळीतली जोडीदारीण लग्न होऊन डहाणूकडे गेली. जाताना माझा हातच घेऊन गेलीस, असं मी तिला भर मांडवात रागाने म्हणाले होते. तिच्या जागी सरांनी उभी केली ती चंदनसारची मुलगी. आधीचा हंगामभर ती राखीव होती, म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि बाकावर बसायचं. चंदनसारला तेव्हा नव्या इमारती उठत होत्या. तिचे आईवडील चिपळूणकडचे, दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन तिथे आलेले. मुलगी बसकी, रुंद खांद्यांची आणि अबोल. पहिल्याच दिवशी तिने माझं मनगट धरलं ते जत्रेत लहान मूल आईचा हात धरतं तसं. मी म्हटलं, अगं, बोटांत रक्त तरी जाऊ दे. तिने पकड जरा ढिली केली, आणि दुसऱ्या मिनिटाला पुन्हा होती तशी.

दसरा उलटला, भात कापून झालं, आणि गासला शेताच्या कडेच्या मैदानावर सरावाचा सामना ठरला. दिवाळीनंतर खऱ्या स्पर्धा सुरू व्हायच्या. त्याआधी संघ ठरवायला सर असा एक सामना घ्यायचेच. समोर किनाऱ्यावरच्या गावातला संघ होता. त्या मुली लहानपणापासून मासळीच्या टोपल्या उचललेल्या, त्यांची पकड सहसा सुटायची नाही.

सामन्याआधी मी चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषांपाशी गुडघ्याला पट्टी बांधत होते, तेव्हा एक बाई जवळ आल्या. साधी साडी, खांद्याला पर्स, चेहरा दमलेला. माझ्या नव्या जोडीदारणीच्या आई. वसईच्या पूर्वेला एका कंपनीच्या गाळ्यात त्या पॅकिंगचं काम करायच्या आणि अर्धी सुट्टी टाकून आल्या होत्या. आडपडदा न ठेवता बोलल्या. पोरीचं दहावीचं एक वर्ष खेळापायी गेलं होतं. यंदा संघात आली तर त्या कसंही निभावून नेणार होत्या, कारण संघात असलेल्या मुलीला कॉलेजात खेळाडू म्हणून प्रवेश मिळतो असं त्यांना कोणी सांगितलं होतं. नाही आली, तर दिवाळीनंतर तिला आपल्याच गाळ्यात कामाला लावणार होत्या.

“मला खेळातलं काही कळत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तिचा हात धरणार. तुम्हीच बघा, ताई.”

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर तेव्हा माझं अर्धं लक्ष गुडघ्याकडे होतं.

सामना चांगला रंगला. पूर्वार्धात मी दोन पकडी केल्या. दोन्ही वेळा ती पोरगी माझ्या मागे खुंटासारखी उभी होती. मी वाकले की ती तेवढीच झुकायची, मी मागे आले की तीही. टाळ्या अर्थातच मला मिळाल्या. तिच्या आई टाळ्या वाजवायच्या आधी आजूबाजूला बघत होत्या, वाजवायच्या की नाही ते ठरवायला.

शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. त्यांची सगळ्यात चपळ मुलगी चढाईला आली आणि सरळ माझ्या कोपऱ्यात घुसली. तिने पाय टाकल्याची हूल दिली, मी एक पाऊल मागे गेले, आणि सगळा भार डाव्या गुडघ्यावर आला. गुडघा गेला. आवाज झाला नाही, नुसता आधार संपला. माझ्या मागे वीतभरावर अंतिम रेषा होती. तिच्यापलीकडे पाय पडला असता तर मी बाद, आणि तशी पडले असते तर त्या गुडघ्यानिशी पुन्हा उठले असते की नाही कोण जाणे.

त्याच क्षणी ती चपळ मुलगी परत फिरली. तिची पाठ आमच्या पोरीकडे होती, दोन पावलांवर. हात सोडून झेपावली असती तर कंबर आयती हातात येत होती. इतकी सोपी पकड वर्षाकाठी एखादीच मिळते. सगळं मैदान ओरडलं, सोड, धर तिला. पोरीने हात सोडला नाही. टाचा मातीत रोवून ती जागच्या जागी उभी राहिली आणि माझा अख्खा भार तिने त्या एका हाताने पेलला. मी हळूहळू उजव्या पायावर आले. बघणाऱ्यांना यातलं काही दिसलं नाही. मी एरवीही तशीच खाली वाकून उभी असायचे.

त्यांना दिसलं ते एवढंच, की गुण समोरून चालत गेला आणि राखीव मुलगी बघत राहिली. आम्ही एका गुणाने हरलो.

सामन्यानंतर चिंचेखाली चहा आणि वडापाव आले. सर माझ्याशेजारी येऊन बसले. चेहऱ्यावरूनच कळत होतं की त्यांचा निर्णय झालेला आहे. रीत म्हणून त्यांनी मुलीला आधी विचारलं, का नाही सोडलास हात? ती समोर उभी होती, मान खाली. तिच्या आई थोड्या अंतरावर पर्स छातीशी धरून ऐकत होत्या.

“चुकलं, सर,” मुलगी म्हणाली.

मी तिच्याकडे बघत राहिले. तिला माहीत होतं. माझा गुडघा कसा गेला ते तिच्या हाताला कळलं होतं, दुसऱ्या कोणालाच नाही. एक वाक्य बोलली असती तर तिची जागा वाचत होती. ती बोलली नाही, आणि तिने माझ्याकडे वर नजर करूनही पाहिलं नाही, म्हणजे मला ओशाळंसुद्धा वाटू दिलं नाही. मी इतकी वर्षं टाळ्या घेतल्या, पण असं कोणी माझ्यासाठी काही केल्याचं मला आठवत नव्हतं.

“बोल बाय,” सर मला म्हणाले. “हात कसा हाय तिचा? मला तर ती घाबरट वाटली. पन तुजा शब्द.”

गप्प बसणं अगदी सोपं होतं. ठीक आहे, अजून तयार व्हायला हवी, एवढं बोलले असते की माझा हंगाम शाबूत राहिला असता. तो विचार माझ्या मनात आला, हे लपवत नाही. पण माझ्या मनगटावर अजून तिच्या बोटांचे लाल वळ होते. मी हात पुढे करून सरांना ते दाखवले, आणि मग गुडघ्याची पट्टी सोडली. आतमध्ये एरंडाचं पान होतं, सामना म्हणून सासूबाईंनी त्या दिवशी सकाळीही बांधलेलं, आणि गुडघा चांगलाच टम्म सुजलेला. गेल्या हंगामापासूनचं सगळं मी सांगून टाकलं. तिने हात सोडला असता तर मी रेषेबाहेर आडवी पडले असते, हेही सांगितलं. हात कसा आहे म्हणून विचारता ना, म्हटलं, मी आजवर धरलेल्या हातांत हा सगळ्यात चांगला आहे.

सरांनी गुडघा अंगठ्याने दाबून पाहिला. मी कळवळले. मग मुलीला म्हणाले, तू सांगितलं का नाय?

“ताईंनीच नव्हतं सांगितलं,” ती म्हणाली. “मग मी कसं बोलणार? सांगायचं की नाही ते त्यांचं होतं ना, सर.”

मला रडूच आलं. चारचौघांत न रडणारी बाई म्हणून माझी ख्याती होती, ती त्या चिंचेखाली संपली.

सर उठले, धोतराला लागलेली माती झटकली. आता ते चहा मागवतील आणि मला घरी बसवतील, अशी मी मनाची तयारी केली होती. पण ते मुलीच्या आईकडे वळले आणि म्हणाले, पोरीला कामाला लावू नका, ती संघात हाय. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू पन हायस. तिचा हात तुज्या हातात हाय तोवर. डॉक्टरला दाखव आधी.” माझा जीव भांड्यात पडला. तिच्या आईंनी तेव्हा टाळ्या वाजवल्या, एकट्यांनीच, आणि या वेळी आजूबाजूला न बघता.

तो हंगाम मी खेळले. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम केले, सासूबाईंचं पानही चालू ठेवलं, कोणाचंच मन मोडायला नको म्हणून. पकडी पूर्वीपेक्षा कमी झाल्या, पण पडले एकदाही नाही. टाळ्या पडल्या की मी तिचा हात आपल्या हातासकट वर उचलायची. सुरुवातीला लोकांना गंमत वाटली, मग सवय झाली. ती लाजून चूर व्हायची. मुलगी पुढे कॉलेजात गेली, खेळाडू म्हणूनच, आणि पॅकिंगच्या गाळ्यात तिला कधी जावं लागलं नाही. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींवर चिडले, पण त्या वर्षाबद्दल माझ्या मनात नुसती कृतज्ञता आहे. ते वर्ष मला कोणीतरी धरून ठेवलं म्हणून मिळालं.

मे महिन्यात, शेवटच्या सामन्याच्या आधी, मी सरांना सांगितलं की आता थांबते. त्यांनी बरं म्हटलं. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलेलं होतं. तिला माझं सगळं मनगटातूनच कळायचं. सामना संपला, शिट्टी झाली, दोन्ही संघ हात मिळवायला मध्यरेषेकडे निघाले, तरी ती माझा हात धरून कोपऱ्यात उभीच होती.

“अगं, सोड आता,” मी म्हटलं. “संपलं.”

“आधी तुम्ही सोडा, ताई,” ती म्हणाली. “मी नाही सोडणार.”

लोक बाहेर पडत होते, कोणीतरी रेषांवरून सायकल नेत होतं. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग मी सोडला.